पाठकोरा फॉर्म

आळेफाट्यावर उत्तमचंद शेठचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, घरावर गच्ची. घरातून गच्चीवर जायला सतरा पायऱ्या. शेठच्या पत्नी सूरजबाई एकतीस वर्षं रोज सकाळी त्या पायऱ्या चढत आल्या. डोक्यावर पदर, हातात ज्वारीचा डबा. एका चातुर्मासात साध्वीजींसमोर त्यांनी नियम घेतला होता, की कबुतरांना दाणे टाकल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. घरात ताप असो, लग्न असो, नियम चुकला नाही. गच्चीचं दार उघडलं की शे-दीडशे कबुतरं एकदम खाली उतरायची. पंखांचा तो आवाज माझ्या ओसरीपर्यंत यायचा आणि मी चहाचं आधण ठेवायचो.

मी त्यांचा शेजारी, सावळेराम. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, म्हणून फाट्यावर मला सगळे गुरुजीच म्हणतात. अजूनही संध्याकाळी ओसरीवर दहा-बारा मुलं अभ्यासाला येतात. त्यांच्या गणितांसाठी शेठ मला पाठकोरे कागद देतो. कंपन्यांची जुनी पत्रकं, रद्द झालेली बिलं, एका बाजूनं छापलेलं काहीही. गल्ल्याखाली त्यासाठी एक खोकाच ठेवलेला आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पंखांचा आवाज उशिरा येऊ लागला. मी विचारलं तर सूरजबाई हसल्या.

"गुरुजी, माझं शिक्षण सातवीपर्यंत. आता रोज नववीत जाऊन बसते. नवव्या पायरीवर. श्वास परत आला की मग पुढं."

त्या हसल्या आणि हसता हसता खोकू लागल्या. खोकला कोरडा होता आणि बराच वेळ थांबला नाही.

मंचरच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "दोन्ही बाजूंना खाली चरचर ऐकू येते. हा साधा दमा वाटत नाही. फुप्फुसांच्या तज्ज्ञाला दाखवा. पुण्याला डॉक्टर निमकर आहेत, त्यांना चिठ्ठी देतो."

पुण्याला जाताना शेठनं मलाही गाडीत घेतलं. त्यांचा मुलगा जिनेश गाडी चालवत होता. "गुरुजी असले की कागद नीट वाचले जातात," शेठ म्हणाला. पुढं जे झालं त्यात हे वाक्य मला फार टोचत राहिलं.

निमकरांच्या दवाखान्यात गर्दी होती. तिथल्या मुलीनं दोन पानांचा एक फॉर्म दिला आणि सांगितलं, "आजी, नंबर येईपर्यंत हा भरून ठेवा. सगळे प्रश्न भरा हं." फॉर्म मराठीत होता. खाली एका औषध कंपनीचं नाव आणि तिच्या दम्याच्या पंपाचं रंगीत चित्र छापलेलं होतं. शेठनं तो हातात घेतला, पण त्याचं लक्ष समोरच्या भिंतीकडं गेलं होतं.

भिंतीवर फोटो होते. डॉक्टर परदेशातल्या एका व्यासपीठावर, गळ्यात ओळखपत्र, हातात माइक. मागच्या पडद्यावर त्याच कंपनीचं नाव. दुसऱ्या फोटोत समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल, आठ-दहा डॉक्टर आणि तेच नाव. शेठ उठून फोटोजवळ गेला, मागं हात बांधून एकेक बघत राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?" सूरजबाईंनी विचारलं.

"घरी."

"अहो, पुढचा नंबर आपलाय!"

"असू दे. हा माणूस माझ्यासारखा आहे."

सूरजबाई उठेनात. शेठ खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "माझं ऐक. उठ." चारचौघांत नवऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या भिंतीला धरून उठल्या. शेठनं फॉर्मची घडी करून खिशात घातली. मी काही बोललो नाही.

गाडी खेडच्या पुढं आल्यावर शेठनंच विषय काढला. त्याच्या दुकानात गल्ल्यामागं एक फोटो आहे. शेठ बँकॉकला, गळ्यात फुलांची माळ, शेजारी एक हत्ती. फवारणीच्या औषधाचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनीनं डीलरांना नेलं होतं. आठवडाभर शेठ घरून नेलेल्या खाकऱ्यांवर राहिला, हे सूरजबाई पाहुण्यांना हसून सांगायच्या. पण त्या दिवशी शेठनं जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"त्या वर्षी चाळीस पेट्या संपवायच्या होत्या. आपला हौशीराम टोमॅटोची पानं घेऊन आला. पानांवर काही नव्हतं, गुरुजी. उन्हानं मलूल झाली होती, एवढंच. मी म्हणालो, रोग आहे, दोन फवारण्या कर. त्याचा प्लॉट काही गेला नाही. पण गरज नव्हती. आणि तो बाहेर पडल्यावर मी गल्ल्यावर बोटानं पेट्या मोजल्या." तो खिडकीबाहेर बघत होता. "मला कुणी सांगितलं नव्हतं खोटं बोल म्हणून. बोलताना खोटं वाटलंही नाही. त्या भिंतीवर मला माझाच फोटो दिसला. सूरजला मी अशा माणसाच्या हातात देणार नाही."

"बरोबर केलंस," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. आपली चूक अशी उघड सांगणारा माणूस चुकत असेल, हे माझ्या मनात आलं नाही.

जिनेश एवढंच म्हणाला, "पप्पा, एकदा आत जाऊन विचारायचं तरी होतं."



दुसरं नाव दुकानातच मिळालं, आणि तेही हौशीरामकडून.

"नगरला एक हायत डॉक्टर. माझ्या मेव्हण्याला तिथंच नेलं व्हतं. लई साधा माणूस, शेठ. भितीवर एक फोटू न्हाई. कंपनीच्या पोरांना दारातूनच वाटं लावत्यात."

"छातीचे तज्ज्ञ आहेत ना?"

"छातीच बघत्यात की! आन् कसली बघायची, गुढग्याला कोण जातंय तिथं?"

शेठ आठवड्याभरात नगरला गेला. त्या डॉक्टरांना त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कंपनीकडून काही घेता का?" डॉक्टर वयस्कर होते. चष्मा काढून म्हणाले, "पेनसुद्धा घेत नाही." शेठनं हात जोडले. मंचरची चिठ्ठी निमकरांच्या नावानं होती, ती त्यानं दाखवली नाही. चरचर ऐकू आल्याचंही सांगायचं राहिलं. साठ-सत्तर माणसं बाहेर ताटकळत होती. डॉक्टरांनी दमा धरून पंप दिला आणि महिन्यानं बोलावलं.

दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "फरक दिसत नाही. छातीचा स्कॅन करून पाहू या का?" शेठला माहीत होतं, की काही ठिकाणी तपासणीमागं कुणाला ना कुणाला वाटा जातो. त्यानं विचारलं, "आजच पाहिजे का?" डॉक्टर म्हणाले, "आजच असं नाही. अजून महिनाभर पंप घेऊन बघा." तो भला माणूस होता, खोटं बोलला नाही. पण आम्ही त्याच्यापुढं अर्धंच गणित मांडलं होतं आणि उत्तर मात्र पूर्ण मागत होतो.

असे चार महिने गेले. सूरजबाईंचं वजन उतरलं. बोटांची नखं निळसर दिसू लागली. पंखांचा आवाज आता आठ वाजता यायचा, कारण त्या पाचव्या पायरीवर बसायच्या, मग अकराव्या पायरीवर, आणि वर पोचल्यावर दाराच्या चौकटीला टेकून दाणे टाकायच्या. आणि त्यानंतरच पाणी. सून खुशबूनं डबा हातातून घेतला तर म्हणायच्या, "नियम माझा आहे, बेटा. पाय तुझे कसे चालतील?"

फाल्गुनात एका दुपारी मी मुलांसाठी पाढ्यांचे पत्ते कापत होतो. शेठकडून आणलेल्या गठ्ठ्यात एक घडी घातलेला कागद निघाला. दोन पानं, दोन्हींची मागची बाजू कोरी. कापण्याआधी काय छापलंय ते बघायची माझी सवय. एकदा मुलांच्या हाती कुणाच्या तरी उधारीचा कागद गेला होता, तेव्हापासूनची. खाली पंपाचं रंगीत चित्र दिसलं आणि मी ओळखलं. शेठनं खिसा रिकामा करताना फॉर्म खोक्यात टाकला होता.

मी वाचू लागलो. घरात चूल आहे का. गिरणीत, दगडखाणीत काम केलंय का. भिंतींना ओल आहे का. आणि दुसऱ्या पानावर, सातवा प्रश्न: "तुमच्या घरी किंवा घराजवळ कबुतरे, पोपट, कोंबड्या आहेत का? त्यांची विष्ठा किंवा पिसे साफ करता का? किती वर्षे?"

हातातली कात्री मी खाली ठेवली.

एकतीस वर्षं. रोज गच्ची झाडणं, वाळलेली विष्ठा, पिसांची धूळ. हे फाट्यावर कुणाला माहीत नव्हतं? मला तर आवाजावरून वेळ कळायची. आणि त्या दिवशी दवाखान्यात हा कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. "कागद नीट वाचले जातात" म्हणून मला नेलं होतं.

मी फॉर्म घेऊन वर गेलो. शेठ जेवून बसला होता. मी सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पानाच्या तळाशी कंपनीचं नाव बघितलं.

"हा कागद त्यांनीच छापलाय," तो म्हणाला.

"हो."

"आणि नगरच्या डॉक्टरांनी... "

"त्यांना कुणी सांगितलं? तू त्यांना एकच प्रश्न विचारलास. मीही तुला शाबासकी दिली."

सूरजबाई दारात उभ्या होत्या. त्यांना मी प्रश्न वाचून दाखवला.  त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कबुतरांनी?"

"ठाऊक नाही. विचारायला पाहिजे."

शेठचा आवाज चढला. "पण तो माणूस कंपनीचे पैसे घेतो! ते काही खोटं नाही ना?"

"तेही विचारायचं," मी म्हणालो. "त्यालाच."

मुलांना धडा वाचून दाखवला की मी उत्तरं मागत नाही. आधी त्यांच्याकडून प्रश्न मागतो. ज्याला प्रश्न पडतो त्याला धडा कळला, असं मी समजतो. तेच त्या दुपारी केलं. फॉर्म आम्ही तिघांनी मिळून भरला. मग तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मी लिहीत गेलो. शेठ सांगत होता: कंपनीनं तुम्हाला काय दिलं? तुम्ही लिहिलेलं औषध त्याच कंपनीचं आहे का? दुसऱ्या कंपनीचं चालेल का? नाही घेतलं तर काय होईल? असे किती पेशंट तुम्ही पाहिलेत?

"आणि माझा एक," सूरजबाई म्हणाल्या. "मला गच्चीवर जाता येईल का."

या वेळी निमकरांच्या दवाखान्यात आम्ही आत गेलो. पन्नाशीचे, तुटक बोलणारे गृहस्थ. त्यांनी मंचरची चिठ्ठी वाचली, फॉर्म वाचला, सातव्या प्रश्नाशी थांबले. सूरजबाईंना खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालवलं आणि बोटाला लावलेल्या प्राणवायूच्या यंत्राचे आकडे स्वतः टिपले. स्कॅन झाला, फुंकर मारायची तपासणी झाली, रक्त दिलं. दुपारी चार वाजता त्यांनी स्कॅनचा फोटो उजेडावर धरला.

"पक्ष्यांच्या विष्ठेतून, पिसांतून बारीक धूळ उडते. काही जणांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. आत सूज येते. सूज फार दिवस राहिली की वण पडतात. आजींच्या बाबतीत सगळं त्याच दिशेनं दिसतंय. सूज बरीचशी उतरेल. वण राहतील."

शेठनं विचारलं, "आम्ही दिवाळीनंतर आलो होतो. बाहेरूनच परत गेलो. त्या वेळी दाखवलं असतं तर?"

डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा उजेडावर धरला. "वण कदाचित कमी असते. किती, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

शेठनं मान खाली घातली. मग खिशातून फॉर्म काढून उलटा केला. त्यानं प्रश्न वाचला.

"डॉक्टर, बाहेर फोटो आहेत. त्या कंपनीनं तुम्हाला काय दिलं?"

जिनेशनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले.

"दोनदा परदेशी परिषदेला नेलं. विमान, हॉटेल त्यांचं. इथं भाषणं करतो त्याचं मानधन मिळतं. हा फॉर्म त्यांनी छापून दिला, प्रश्न माझे आहेत." मग म्हणाले, "पंधरा वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले."

"मग औषध लिहिताना त्यांची आठवण येते का?"

"येत नाही असं मला वाटतं."

"मलाही वाटत नव्हतं," शेठ म्हणाला. "मी फवारणीची औषधं विकतो. मलाही बँकॉकला नेलं होतं."

 डॉक्टरांनी लिहायला घेतलेली औषधांची चिठ्ठी स्वतःकडं ओढली. एक ओळ लिहून झाली होती. ती त्यांनी वाचली, खोडली, आणि कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"हे कुठल्याही चांगल्या कंपनीचं घ्या. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, जुन्या आणि स्वस्त. मी सांगितल्याशिवाय एकदम बंद करायच्या नाहीत. एक महाग औषध वण वाढू नयेत म्हणून देतात. ते आज लागत नाही. तीन महिन्यांनी मी ते लिहिलं तर हेच सगळे प्रश्न पुन्हा विचारा. आणि वाटलं तर दुसऱ्या एखाद्या तज्ज्ञालाही फाईल दाखवा. पण दाखवताना सगळे कागद दाखवा."

सूरजबाईंचा प्रश्न राहिला होता. तो त्यांनी स्वतःच विचारला.

"मला गच्चीवर जाता येईल का?"

"नाही, आजी."

"दूर उभं राहून? तोंडाला फडकं बांधून?"

"नाही. तुम्ही नाही, आणि घरच्या दुसऱ्या कुणी दाणे टाकून त्याच कपड्यांनी तुमच्याजवळ यायचं नाही. कबुतरं तिथं यायची थांबली पाहिजेत. गोळ्या त्याच्यानंतर. ते झालं नाही तर मी दिलेलं कुठलंही औषध पुरणार नाही."

 परतीच्या वाटेवर नारायणगाव मागं पडल्यावर सूरजबाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलंय. उद्या सकाळी येतील. कुणाला विचारतील?"



आठवड्यानं साध्वीजींचा मुक्काम जवळच्या उपाश्रयात होता. सूरजबाई तिथं जाऊन सगळं बोलल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाणी घेण्याआधी त्या मूठभर ज्वारी एका डब्यात टाकू लागल्या. डबा भरला की जिनेश तो मुकी जनावरं सांभाळणाऱ्या पांजरापोळात पोचवतो. गच्ची शेठनं बाहेरची माणसं लावून धुऊन घेतली, त्या दोन दिवसांत सूरजबाईंना आळे गावात नणंदेकडं ठेवलं, आणि वर जाळी बसवली. पहिले काही दिवस कबुतरं जाळीवर येऊन बसायची. सूरजबाई खालच्या खोलीची खिडकी लावून घ्यायच्या. मी माझा चहा आता घड्याळ बघून करतो.

दुकानातला बँकॉकचा फोटो आहे तिथंच आहे. हौशीराम परवा वांग्याची पानं घेऊन आला. शेठनं ती उजेडात उलटून-पालटून बघितली.

"काही नाही. पाणी दे दोन दिवस."

"आँ? आन् औषध?"

"लागत नाही."

"शेठ, तब्येत बरी हाय ना तुमची?"

शेठ हसला नाही. तो फोटोकडं बोट दाखवून म्हणाला, "हौशीराम, पुढं कधी मी औषध दिलं, तर त्या वर्षी कंपनी कुठं नेणार आहे ते मला आधी विचार. मी सांगीन." हौशीराम पानं घेऊन गेला. त्याला काय कळलं कोण जाणे.

आता तीन महिने होत आलेत. नखांची निळाई कमी झाली आहे. खोकला आहे. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला, पायऱ्या चढायला सांगितलं आहे, आणि त्या घरात पायऱ्या त्याच. रोज संध्याकाळी मुलांचा अभ्यास संपला की मी जातो. शेठ खाली बोटाचं यंत्र घेऊन उभा राहतो आणि मोजतो. सूरजबाई कठड्याला धरून चढतात. काल पाच, सहा, सात झाल्या. त्या थांबल्या.

"उतर," शेठ म्हणाला.

"थांबा हो."

आठ. नऊ. त्या नवव्या पायरीवर बसल्या. शेठ धावत वर गेला, यंत्र बोटाला लावलं, आकडा बघितला आणि तिथंच त्यांच्या शेजारी बसला. वर गच्चीच्या दाराला कुलूप होतं. दारापलीकडं कुठंतरी एक कबुतर घुमत होतं. दोघांनी ते ऐकलं असणार. सूरजबाईंनी एकदा दाराकडं बघितलं, मग पदर सावरला आणि उतरायला हात पुढं केला. शेठनं तो धरला.